दर्यात प्रेत दिसले तर

मंडळी, आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो कुणालाच आवडणारा नाही. होडीवर तर त्याचे नावही कुणी काढत नाही. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला तो टाळून चालत नाही. समुद्र देतो, तसा नेतोही. आणि नेलेले कधी कधी परत आणून टाकतो. ते आपल्याच जाळ्यात येते, आपल्याच होडीला लागते. मग त्या वेळी काय करायचे?

हा प्रश्न आम्हांला एका म्हाताऱ्या तांडेलांनी घातला. रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडाशी त्यांचे गाव आहे. तिथे आम्ही रात्रीचा वर्ग घेत होतो. तांडेल सत्तरीच्या घरातले. ते सगळ्यांच्या मागे बसत. पण पाटीवरचे अक्षर मात्र ठसठशीत. एके रात्री वर्ग सुटला. सगळे घरी गेले, तरी हे उठेनात. आम्ही विचारले, "तांडेल, काही काम होतं का?"

"काम नाही, गुरुजी. एक विचारायचं होतं," ते म्हणाले. आणि बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी सांगितले ते असे :

"पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. आम्ही सहा जण होतो. जाळं ओढायला घेतलं, तर जड लागलं. वाटलं, आज दर्याने भरभरून दिलं. वर आलं, तर त्यात माणूस. तोंड ओळखू येत नव्हतं. अंगात निळा सदरा होता. पोरं घाबरली. एक म्हणाला, पोलीस आपल्यालाच धरतील. दुसरा म्हणाला, होडी अडकवून ठेवतील, हंगाम जाईल. मी तांडेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सुरी घेतली, जाळं कापलं. हात जोडले आणि सोडून दिला."

"मग?"

"मग महिन्याभराने बाजारात एक बाई दिसली. खालच्या बंदरातली. तिचा घरधनी होडीवरून पडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, कुणाला काही दिसलं का म्हणून. मला पण विचारलं. मी नाही म्हटलं. तिने सदऱ्याचा रंग सांगितला नाही. मीही विचारला नाही."

कंदिलासारखा एक दिवा तेवढा जळत होता. तांडेल म्हणाले, "आता सांगा, काय करायला हवं होतं?"

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही माहिती काढली. पुष्कळांना विचारले, कायदे वाचून घेतले. तीच माहिती इथे देत आहोत.

आधी जिवंत आहे का ते पाहा

पाण्यात माणूस दिसला की पहिला विचार प्रेताचा करू नये. फळीला, पिंपाला, बोयाला धरून माणूस पुष्कळ तास तग धरतो. आपल्याकडचे पाणी कोमट असते. त्यामुळे कधी कधी तो दुसऱ्या दिवशीही जिवंत मिळतो. तो हलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तरी जवळ जाऊन खात्री करावी. शंका असेल तर तो जिवंतच आहे असे धरून चालावे.

होडी सावकाश न्यावी. पंखा त्याच्यापासून लांब राहील अशी वळवावी. अगदी जवळ गेल्यावर यंत्र मोकळे सोडावे. घाईघाईने पाण्यात उडी टाकू नये. वाचवायला गेलेला माणूस बुडाला, असे पुष्कळ वेळा झाले आहे.

माणूस वर घेतला, तो नुकताच बुडालेला आहे, पण श्वास चालत नाही, असे असेल तर लगेच उताणा निजवावा. त्याला उलटा टांगू नये. पोट दाबून पाणी काढत बसू नये. ही जुनी रीत चुकीची आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी उलटून श्वासाच्या वाटेत जाते. त्याचे नाक धरून तोंडाने श्वास भरावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाबावे. 30 वेळा दाबायचे आणि 2 वेळा श्वास द्यायचा. मदत येईपर्यंत पाळीपाळीने हे चालू ठेवायचे.

अंग फुगले आहे, वास सुटला आहे, कातडी सुटते आहे, असे दिसले तर मात्र आशा नाही. तो मेलेलाच.

पण तरीही लगेच प्रेताकडे वळू नका. आधी उभे राहून चारी बाजूंना पाहा. एक माणूस पाण्यात आहे, तर होडी कुठे गेली? बरोबरचे कुठे आहेत? फळ्या, तेलाचा तवंग, डबे, चपला असे काही तरंगते आहे का? तांडेलाने एकाला उंच चढवून नजर टाकायला सांगावे. मेलेल्याला घाई नसते. जवळपास कुणी जिवंत तरंगत असेल, तर त्याला आहे.

जागा लिहून ठेवा

समुद्रात खुणेचा दगड नसतो. पाणी चालतच असते. भरतीला एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे. शिवाय आपल्या किनाऱ्याने मोठा प्रवाह वाहतो. पावसाळ्यात त्याचा ओढा दक्षिणेकडे असतो. हिवाळ्यात तो उलटून उत्तरेकडे होतो. म्हणून प्रेत दिसले ती जागा आणि ती वेळ, दोन्ही हवीत. एक असून भागत नाही. या दोन गोष्टींवरून माणूस मुळात कुठे बुडाला असेल, आणि बाकीच्यांना कुठे शोधावे, याचा हिशेब करता येतो.

होडीवर जीपीएस यंत्र असेल, तर त्यावरचे आकडे लगेच लिहून घ्यावेत. काही यंत्रांवर माणूस पडला तर दाबायचे वेगळे बटण असते. ते दाबले की जागा आपोआप धरून ठेवली जाते. यंत्र नसेल तर आपल्या जुन्या खुणा आहेतच. कुठला डोंगर कुठल्या देवळावर येतो, दीपगृह कुठल्या अंगाला, पाणी किती वाव, वारा कुठून. हे सगळे लिहावे. लक्षात राहील असे म्हणू नये. अशा वेळी डोके ठिकाणावर नसते. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. होडीवर एक वही आणि पेन्सिल असावी. पेनची शाई पाण्याने फुटते, पेन्सिलीचे तसे होत नाही.

कुणाला कळवायचे?

समुद्रात रखवाली करणारे भारतीय तटरक्षक दल 1978 च्या कायद्याने उभे राहिले. त्यांचा फोन नंबर 1554 आहे. सागरी पोलिसांचा नंबर 1093 आहे. कुठल्याही संकटात लावायचा नंबर 112. हे तीन आकडे केबिनच्या फळीवर रंगाने मोठे लिहून ठेवावेत. आमच्या तांडेलांनी ते स्वतःच्या हाताने लिहिले. अजून आहेत.

किनारा लांब राहिला की मोबाइल लागत नाही. तिथे वायरलेस कामाला येतो. वायरलेसचा 16 नंबरचा चॅनेल हाकेसाठी राखलेला आहे. तो सगळी जहाजे ऐकत असतात. त्यावर गप्पा मारू नयेत, गाणी तर मुळीच लावू नयेत. त्यावर हाक द्यावी. समोरच्याने दुसऱ्या चॅनेलवर यायला सांगितले, तर तिकडे जाऊन बोलावे.

बोलणे थोडके असावे. उदाहरणार्थ असे :

"तटरक्षक दल, तटरक्षक दल. ही मासेमारी नौका अमुक, नोंदणी नंबर अमुक. आम्हांला पाण्यात एका माणसाचे प्रेत दिसले आहे. जागा उत्तर 17 अंश 2 मिनिटे, पूर्व 73 अंश 5 मिनिटे. वेळ सकाळी 7 वाजून 20 मिनिटे. आसपास आणखी कुणी दिसत नाही. आमच्या होडीवर सहा माणसे आहेत, सगळी सुखरूप. आम्ही इथेच थांबलो आहोत. पुढे काय करावे ते सांगा."

एवढे पुरे. बाई की पुरुष, कपडे कुठले, जीवरक्षक जाकीट आहे का, हे विचारतील तेव्हा सांगावे. आपल्याला वाटते ते सांगू नये, दिसते तेच सांगावे. "कुणीतरी मारून टाकलेला दिसतो" हे वाटणे झाले. "कपाळावर जखम आहे" हे दिसणे झाले.

मग तिकडून सांगतील तसे वागावे. कधी "थांबा, आमची बोट येते" असे सांगतील. कधी "तुम्हीच वर घ्या आणि अमक्या बंदरात आणा" म्हणतील. थांबायचे असेल तर प्रेत नजरेआड होऊ देऊ नये. एका माणसाने फक्त तेच काम करावे. एकदा लाटेआड गेलेली वस्तू पुन्हा सापडत नाही, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. दर्या खवळलेला असेल, होडी छोटी असेल, तर आपला जीव धोक्यात घालू नये. जागा आणि वेळ लिहावी, एखादा बोया जवळ सोडावा, आणि कळवून परत फिरावे. यात पाप नाही.

आणि कुणाशीच बोलणे झाले नाही तर? वायरलेस बिघडलेला, मोबाइल मुका. अशा वेळी, दर्या शांत असेल आणि होडीवर जागा असेल, तर प्रेत वर घ्यावे आणि जवळचे बंदर गाठावे. सोडून दिले तर ते पुन्हा कुणाला मिळेलच असे नाही.

वर कसे घ्यावे?

इथे जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथेच जास्त चुका होतात.

पाण्यात राहिलेले शरीर कसे बदलते ते आधी समजून घ्या. बुडालेला माणूस बहुधा आधी तळाशी जातो. मग पोटात वायू धरतो. त्याने शरीर फुगते आणि वर येते. आपल्या उबदार पाण्यात हे बहुधा दोन-तीन दिवसांत होते. खोल, थंड पाण्यात जास्त दिवस लागतात. कधी कधी ते वर येतच नाही. तरंगताना तोंड खाली आणि हातपाय लोंबते असतात. म्हणून चेहरा आणि हात तळाला घासतात. ओठ, कान, डोळे असे मऊ भाग मासे आणि खेकडे आधी खातात. हे पाहून गावात आवई उठते, नाक-कान कापून कुणीतरी टाकला! तसे असेलच असे नाही. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

कातडी सैल होते. हाताची कातडी तर मोज्यासारखी सगळीच्या सगळी निघून येते. म्हणून प्रेताला हाताला धरून ओढू नये. आकडा तर कधीच लावू नये. त्याने नवी जखम होते, आणि ती मारेकऱ्याची की आपल्या आकड्याची, हे कळत नाही. ताडपत्री, जाड कापड किंवा जाळ्याचा तुकडा खालून घालावा, आणि दोन्ही बाजूंनी धरून आडवेच वर घ्यावे. वर घेणे जमत नसेल आणि बांधावे लागले, तर दोर काखेखालून घ्यावा, गळ्यात नको. फरफटत लांबवर ओढून नेल्याने शरीर तुटते.

हातात रबरी मोजे घालावेत. नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. पुष्कळांना वाटते, प्रेतामुळे रोगाची साथ येते. नुसते प्रेत असल्याने साथ येत नाही. पण त्याचे पाणी, रक्त आपल्या जखमेला, तोंडाला लागू देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. फळी धुवून घ्यावी. बस्स.

प्रेत ताडपत्रीत गुंडाळून सावलीत ठेवावे. मासळीच्या खणात, खायच्या बर्फावर ठेवू नये. जे जसे आहे ते तसे राहू द्यावे. कपडे काढू नयेत. धुऊ नये. खिसे चाचपू नयेत. हातातला दोरा, गळ्यातला ताईत, बोटातली अंगठी, कमरेचा करदोटा, काही हलवू नये. अंगाला दोर बांधलेला असेल तर गाठ सोडू नये. गाठ कशी मारली यावरूनही पुष्कळ कळते. कातडी किंवा काही भाग सुटून आला तर फेकू नये. त्याच कापडात ठेवावा. त्या सुटलेल्या कातडीवरूनही बोटांचे ठसे घेता येतात. दोन प्रेते मिळाली तर वेगवेगळी गुंडाळावीत. एकाची चप्पल दुसऱ्याच्या कापडात जाऊ देऊ नये.

जाळ्यातच प्रेत आले असेल तर ओढण सावकाश घ्यावी. जाळे कापावे लागले तर प्रेताभोवतीचा तुकडा तसाच ठेवून बाहेरून कापावे. त्या ओढीची मासळी विकू नये. नुकसान होते, आम्हांला ठाऊक आहे. पण ती मासळी कुणाच्या ताटात जाणार, त्याचा विचार करावा.

अंगठीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मेलेल्याच्या अंगावरची वस्तू लबाडीने घेणे ही नुसती वाईट गोष्ट नाही, गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या 315 कलमाखाली त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. त्याहून मोठी गोष्ट ही की, त्या अंगठीवरूनच कदाचित त्याची बायको त्याला ओळखणार असते.

फोटो काढायला हरकत नाही. दिसला तसा एक, कपड्यांचा एक, गोंदण किंवा जुना व्रण असेल तर त्याचा एक. पण ते फोटो पोलिसांसाठी. हल्ली फोटो काढला की पहिला तो मोबाइलवरून गावभर जातो. कुणा आईला आपल्या मुलाची बातमी अशी कळावी, हे कुणाला आवडेल? तांडेलाने होडीवर तेवढा धाक ठेवावा.

किनाऱ्यावर काय होते?

लोक घाबरतात ते इथे. तांडेलांची पोरेही यालाच घाबरली होती. म्हणून काय काय होते ते सांगतो.

पोलीस येतात. अकस्मात मृत्यूची नोंद करतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला. त्याच्या 194 कलमाप्रमाणे पोलीस दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमोर प्रेताचा पंचनामा करतात. कुठल्या जखमा, कुठल्या खुणा, अंगावर काय होते, सगळे लिहितात. मग प्रेत तपासणीसाठी दवाखान्यात जाते. तुम्हांला विचारतात, केव्हा मिळाले, कुठे मिळाले, कुणी हात लावला. वही असेल तर वाचून दाखवायची. झाले.

प्रेत सापडणे हा गुन्हा नाही. ते कळवले म्हणून कुणी आरोपी होत नाही. उलट, खुनाचा पुरावा जाणूनबुजून नाहीसा करणे हा गुन्हा आहे. म्हणजे ज्या भीतीने लोक जाळे कापतात, ती भीती जाळे कापल्यावर खरी होण्याचा संभव असतो.

आणखी दोन गोष्टी माहीत असू द्या. पोलिसांनी लिहून घेतलेल्या तुमच्या जबाबावर तुमची सही लागत नाही. पंचनाम्यावर मात्र पंचांची सही असते. तुम्ही पंच असाल तर वाचून मग सही करा. वाचता येते ते याचसाठी. दुसरी गोष्ट, 60 वर्षांवरचा पुरुष किंवा कुठलीही स्त्री यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारायचे असते.

वेळ जातो, डिझेल जाते, दिवस बुडतो. हे खोटे नाही. पुन्हा एखादे वेळी बोलावणेही येते. ते येणारच नाही, असे आम्ही सांगणार नाही.

होडीवर नव्हे, पुळणीवर प्रेत आले तर काम सोपे आहे. पोलीस पाटलाला कळवावे. पाणी चढत असेल तर उचलून भरतीच्या रेषेच्या वर घ्यावे. नाहीतर आहे तिथेच कापडाने झाकावे. कुत्री येऊ नयेत म्हणून दोघांनी बसून राहावे. जाळ्यात नुसती कवटी किंवा हाड आले तरी तेच करायचे. खाडीत कधी लाल कापडात बांधलेले मडके मिळते. ते बहुधा कुणाच्या अस्थी असतात. ते निवांत पाण्यात सोडून द्यावे. पण उघडे हाड मिळाले, तर जुने की नवे हे आपण ठरवू नये.

अपशकुनाचे काय?

काही लोक म्हणतात, प्रेत होडीवर घेतले की होडीला दोष लागतो. दर्यावर पोट असलेल्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे. पण गंमत बघा. जपान देशातले कोळी याच्या बरोबर उलट मानत आले. समुद्रात प्रेत मिळाले तर ते त्याला आपल्या मासेमारीच्या देवाचे, एबिसूचे नाव देत. आदराने किनाऱ्यावर आणत. त्याने मासळी भरपूर मिळते, असे ते समजत. दर्या एकच, मासळीही तीच. मग दोष कुठला आणि लाभ कुठला, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याही किनाऱ्याला हे नवे नाही. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेवर माणसे गेली. रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून काहींना वाचवले. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या पश्चिमेला पी-305 नावाचा तराफा बुडाला. त्यावर 261 माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचवले, पण सत्तरच्या आसपास माणसे दगावली. कित्येक प्रेते वाहत गेली. काही आपल्या रायगडच्या किनाऱ्याला लागली, काही पार गुजरातेत वलसाडला. चेहरे ओळखू येत नव्हते. तेव्हा डीएनए तपासणी करावी लागली. माणसाच्या हाडामांसात एक खूण असते. ती आईबापांकडून मुलांकडे येते. दातातून, मांडीच्या हाडातूनही ती काढता येते. ती आईच्या किंवा मुलाच्या रक्ताशी ताडून पाहतात. चेहरा गेला तरी माणूस ओळखता येतो, तो असा. मात्र त्यासाठी शरीर हाती लागावे लागते.

शरीर मिळाले नाही तर घरच्यांचे काय होते, ते कमी लोकांना माहीत असते. मृत्यूचा दाखला सहजी मिळत नाही. दाखला नाही म्हणून विमा अडतो. बँकेतले पैसे अडतात. होडी आणि घर नावावर होत नाही. ज्यांना त्याची बातमी लागायला हवी, त्यांना 7 वर्षे काही कळले नाही, तर कायदा तो माणूस मेला असे धरून चालतो. मग कोर्टातून तसे ठरवून आणायचे, आणि नंतर दाखला. 7 वर्षांत मूल शाळेत जाऊ लागते आणि चौथी ओलांडते. बाईने कुंकू लावायचे की पुसायचे, हेही कुणी सांगू शकत नाही.

ही सगळी माहिती आम्ही वर्गात सांगितली. दोन रात्री गेल्या. पोरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. तांडेल काही बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री ते पुन्हा मागे थांबले.

"गुरुजी, इतक्या वर्षांनी सांगून उपयोग आहे का?"

आम्ही म्हणालो, "कागदांचा प्रश्न असला, तर तो एव्हाना सुटला असेल. सात वर्षं कधीच उलटली. आणि तो तिचाच माणूस होता, असं तुम्हांलाही सांगता येणार नाही."

"ते खरं," तांडेल म्हणाले. "पण निळा सदरा होता, एवढं सांगता येईल."

मग त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि कागद मागितला. तोंडाने सांगताना आपण अडखळू, म्हणून लिहूनच नेतो, म्हणाले. साल अंदाजाने लिहिले. महिना नक्की आठवत होता, कारण नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला होता. जागा लिहिली, पाणी किती वाव ते लिहिले. 'निळा' शब्दाशी थांबले. 'ळ' कसा काढायचा ते विचारले. आम्ही काढून दाखवला. त्यांनी तो दोनदा गिरवला.

तो कागद घेऊन ते दुसऱ्या दिवशी एसटीने खालच्या बंदराला गेले. परत आल्यावर दोन रात्री वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या रात्री आले, नेहमीसारखे मागे बसले, आणि पाटी काढली. आम्ही काही विचारले नाही. वर्ग सुटल्यावर जाता जाता एवढेच म्हणाले, "तिने कागद ठेवून घेतला."